पंचगंगेची पूररेषा आणि बांधकाम-परवाना

कोल्हापूरच्या प्राचीन वस्तीने नदीचे सान्निध्य राखले, परंतु तिची पातळी टाळली. ब्रह्मपुरी पंचगंगेच्या अगदी काठी, तरी उंचवट्यावर वसलेली. 1945-46 मध्ये तेथे झालेल्या उत्खननाने ही वस्ती सातवाहनकालापर्यंत मागे नेली. पुढे 1891 मध्ये रेल्वे आली, 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली, आणि शहर जयंती नाल्याच्या पलीकडे पसरू लागले. हा नाला पंचगंगेस मिळतो. नदी फुगली की त्याचे पाणी नदीत उतरत नाही. उलट नदीचेच पाणी नाल्यावाटे वस्तीत शिरते. त्यामुळे पात्रापासून दूर दिसणारे घरही पुराच्या कक्षेत येते. पूरप्रवण जमिनीचा विचार केवळ काठापासूनच्या अंतरावर करता येत नाही, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

या जमिनीस शासकीय परिभाषेत नाव मिळाले ते बरेच उशिरा. केंद्र शासनाने पूरक्षेत्राच्या विभागणीसंबंधी एक नमुना विधेयक 1975 मध्ये राज्यांकडे धाडले होते. महाराष्ट्राच्या पाटबंधारे विभागाने 21 सप्टेंबर 1989 रोजी परिपत्रक काढून निळी व लाल अशा दोन पूररेषा ठरविल्या. त्याच वर्षी पंचगंगेस मोठा पूर आला होता. तथापि परिपत्रक साऱ्या राज्यासाठी असल्याने त्याचे निमित्त एकट्या कोल्हापुरात शोधणे युक्त होणार नाही. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत ‘निषिद्ध’ आणि तेथून लाल रेषेपर्यंत ‘नियंत्रित’ क्षेत्र, अशी ही योजना आहे. निळी रेषा सामान्यतः 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात.

‘वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोग मात्र फसवा आहे. मराठीत तो जत्रेप्रमाणे ठराविक अंतराने येणाऱ्या घटनेचा बोध करून देतो, आणि एक पूर ओसरला की पुढची पिढी निर्धास्त, असा समज दृढ होतो. गणिताच्या दृष्टीने त्याचा अर्थ इतकाच, की लाल रेषेपर्यंत पाणी चढण्याची शक्यता दरवर्षी शेकडा 1 असते. म्हणजे 30 वर्षे उभ्या राहणाऱ्या घरास ती शेकडा 26 इतकी होते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आहे. तेथे पाणी 2019 मध्ये 55 फुटांवर गेले, आणि अवघ्या दोन वर्षांनी, 2021 मध्ये, पुन्हा गेले.

परवान्याचा इतिहास या दोन पुरांच्या मध्येच वळण घेतो. 2019 च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने 2020 मध्ये अहवाल दिला; पूरक्षेत्रातील अतिक्रमणे हा त्यातील एक प्रमुख विषय होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली अंमलात आली. तीनुसार निषिद्ध क्षेत्रात बाग, मोकळे मैदान, वाहनतळ, स्मशानभूमी अशा उपयोगांखेरीज बांधकामास मनाई आहे. परंतु तेथील अधिकृत जुन्या इमारतींचा पुनर्विकास पाटबंधारे खात्याच्या ना-हरकत दाखल्यावर होऊ शकतो. मात्र बांधकाम लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर उंच असावे लागते. नियंत्रित क्षेत्रासही उंचीची हीच अट आहे. अशा रीतीने ‘निषिद्ध’ या शब्दातच अपवादास वाट मिळाली. जुन्या घराच्या मालकाकडे पाहता ती अन्याय्य म्हणता येत नाही. मोडकळीस आलेल्या भिंतींत त्याने किती काळ राहावे?

खरा प्रश्न उंची कशी साधावयाची हा आहे. खांबांवर उचललेल्या घराखालून पाणी वाहते. मातीचा भराव घालून वर नेलेले घर तेवढ्या पाण्याची जागा अडविते, आणि ते पाणी शेजाऱ्याच्या जुन्या, ठेंगण्या घरात चढते. परवाना एका भूखंडास मिळतो, परंतु त्याचा परिणाम त्या भूखंडाच्या हद्दीत राहत नाही.

परवान्याच्या पलीकडचा उपाय प्रयाग चिखलीत करून पाहण्यात आला. 1989 च्या पुरानंतर तेथील ग्रामस्थांस सोनतळी येथील उंचावरील भूखंड देण्यात आले. शेती मात्र नदीकाठीच राहिली, म्हणून अनेक कुटुंबांनी जुने घर सोडले नाही. पुराचा इशारा झाला की माणसे व जनावरे सोनतळीकडे निघतात, आणि पाणी उतरल्यावर पुन्हा गावात येतात.