घरसामानाचा विमा पहिल्यांदा काढताना : नाशिककरांसाठी माहिती

गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढले, हे अख्खे नाशिक विचारते. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर पंचनामे होतात, सरकारी मदतही मिळते. पण तेवढ्यावर फ्रीज, गाद्या, शिलाई मशीन, मुलांचा लॅपटॉप पुन्हा उभे राहत नाहीत.

'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' (१९४७) मध्ये बाबासाहेबांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मांडणी केली होती. आयुर्विम्याबद्दल आपण बोलतो. घरसामानाच्या विम्याबद्दल फारसे बोलत नाही. म्हणून ही माहिती देत आहोत.

कोणती पॉलिसी?
१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक 'इर्डाई'ने 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. मूळ अटी सर्व कंपन्यांच्या सारख्याच असतात; हप्त्याची मात्र तुलना करावी.

भाडेकरूंना मिळतो का?
मिळतो. घरमालकाचा विमा इमारतीचा असतो, तुमच्या सामानाचा नाही. भाडेकरू फक्त सामानाचा विमा काढू शकतो. स्वतःच्या घराचा विमा काढला, तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत सामान आपोआप येते. म्हणजे १५ लाखांच्या इमारतीला ३ लाखांचे सामान. गृहकर्ज असेल तर बँकेने काढलेल्या विम्यात सामान आहे का, ते कागद पाहूनच ठरवावे.

काय येते, काय येत नाही?
आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे हे धोके येतात. चोरीबाबत मात्र अनेकांची फसगत होते. अशा एखाद्या घटनेमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरीच यात धरली जाते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. दागिन्यांसाठीही जादा संरक्षण घ्यावे. रोख रक्कम आणि कागदपत्रे यात येत नाहीत. जातीचा दाखला, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये ठेवाव्यात आणि मूळ प्रती उंचावर, प्लास्टिकच्या पिशवीत.

अर्ज भरण्यापूर्वी
१. खोलीवार यादी करा. प्रत्येक वस्तू आज नवी घ्यायला किती लागतील, ते लिहा.
२. मोबाइलवर फोटो काढा, बिले जपा आणि त्यांची एक प्रत घराबाहेरच्या नातेवाइकाकडे पाठवा.
३. भिंती आणि छप्पर कशाचे आहे, घरात व्यवसाय चालतो का, हे खरे लिहा. एजंटला कोऱ्या अर्जावर सही देऊ नका. व्यवसायाच्या मालाचा विमा वेगळा असतो.
४. पॉलिसी हाती आल्यावर नाव, पत्ता आणि विमा रक्कम तपासा.

नुकसान झाल्यावर
कंपनीला ताबडतोब कळवा. सर्वेक्षक येईपर्यंत भिजलेल्या वस्तू फेकू नका. फेकणे भागच असेल तर आधी फोटो काढा. आगीत अग्निशमन दलाचा दाखला आणि चोरीत पोलिसांची एफआयआर लागते. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. नाशिकसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

कार्यकर्त्यांना आमची एक विनंती आहे. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा आणि वस्तीतल्या दहा घरांच्या सामानाची यादी करून घ्या. विमा घ्यायचा की नाही, ते प्रत्येक कुटुंब ठरवील. पण यादी हातात असली तर पंचनाम्याच्या वेळीही तिचा उपयोग होईल.