घारापुरीच्या खापरातील मद्य

घारापुरीला जाणारे बहुतेक प्रवासी लाँचमधून उतरतात, लेणी पाहतात, माकडांपासून डबा सांभाळतात आणि संध्याकाळच्या आत परततात. बेटाच्या दुसऱ्या अंगाला मोराबंदर नावाची छोटी वस्ती आहे. तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. उरण तालुक्यातील या दुर्लक्षित किनाऱ्यावर जाड, खरबरीत खापरे मिळाली आहेत. ती आहेत भूमध्य समुद्राकडून आलेल्या ‘अँफोरा’ या रांजणांची. दोन उभे कान, अरुंद गळा आणि जहाजात दाटीने रचता यावा म्हणून निमुळता तळ, अशी या रांजणाची घडण. त्यातून मद्य येई, ऑलिव्हचे तेल येई, माशांचा आंबवलेला रसही येई. मग या खापरांत मद्यच होते, हे कशावरून?

पहिला साक्षीदार लिखित आहे. इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हे प्रवासवर्णन लिहिले. भडोचला येणाऱ्या मालात त्याने मद्याची नोंद केली आहे : मुख्यतः इटलीचे, शिवाय लाओडिकियाचे आणि अरबस्तानचे. कल्याणच्या दक्षिणेची बंदरे सांगताना तो सेमिल्ला आणि मंदगोरा ही नावे देतो. सेमिल्ला म्हणजे आपले चौल. मंदगोरा म्हणजे राजपुरी खाडीवरचे मांदाड, असे अनेक अभ्यासक मानतात. डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे आणि त्यांचे सहकारी यांनी या दोन्ही जागी शोध घेतला. परंतु पेरिप्लसमधील मद्याची ती नोंद भडोचची आहे, घारापुरीची नव्हे.

दुसरा साक्षीदार माती. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरात घडवलेल्या रांजणांच्या मातीत ऑजाइट या खनिजाचे काळे कण दिसतात. पण रायगड जिल्हा उभा आहे तो बेसाल्टवर, आणि बेसाल्टमध्येही ऑजाइट असतेच! तेव्हा काळे कण दिसले की रोमन, असा झटपट निकाल देता येत नाही. खापराचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून सोबतची इतर खनिजेही पाहावी लागतात. ही सावधगिरी अनाठायी नाही. रॉबर्टा टोंबर यांनी २००० नंतर भारतातील संग्रहांमधील खापरे पुन्हा तपासली, तेव्हा ‘रोमन’ म्हणून नोंदलेली कितीतरी खापरे मेसोपोटेमियाकडच्या बिनकानी ‘टॉर्पेडो’ रांजणांची निघाली. रोमन मद्याच्या रांजणांना आतून पाइनच्या राळेचा लेप असे, तर टॉर्पेडोंना खनिज डांबराचा. एका चुकीच्या चिठ्ठीने व्यापाराची दिशा आणि शतक दोन्ही बदलतात.

तिसरा साक्षीदार रसायन. द्राक्षांत टार्टारिक आम्ल भरपूर असते आणि त्याचे क्षार खापराच्या छिद्रांत शतकानुशतके टिकतात. युरोपात ते सापडले की द्राक्षांचा पुरावा म्हणता येतो. आपल्याकडे अडचण अशी की चिंचेतही तेच आम्ल असते! कोकणातल्या एखाद्या घरात फुटका रांजण चिंच ठेवायला वापरला गेला असेल, तर विश्लेषण काय सांगणार? लाल मद्य असेल तर आणखी एक खूण मिळते. त्याच्या रंगातील माल्व्हिडिन या द्रव्यापासून सिरिंजिक आम्ल मिळते. स्पेनच्या मारिया रोसा ग्वाश-जाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुतनखामेनच्या थडग्यातील रांजणांत २००४ मध्ये या मार्गाने लाल मद्य ओळखले. २००६ मध्ये टार्टारिक आहे पण सिरिंजिक नाही, यावरून पांढरे मद्य ओळखले. म्हणजे पांढऱ्याचा पुरावा निम्मा अभावाचा. पांढरे मद्य सिद्ध करणे सर्वांत अवघड, आणि रोमन लोकांचे नावाजलेले फालेर्नियन नेमके पांढरे होते. ते पंधरा-वीस वर्षे मुरवून, मधासारखा रंग आल्यावर पीत.

मुरताना काय होते? राळेच्या लेपातून आणि बुचाच्या फटींतून अल्पसा प्राणवायू आत शिरतो. रंग पिवळा, मग तपकिरी होत जातो. सोटोलॉन नावाचा एक गंधरेणू तयार होतो. वर्गात दाखवायचा असेल तर खर्च शून्य : मूठभर मेथी भाजून हुंगावी. मेथीच्या वासात मुख्य वाटा याच रेणूचा. फ्रान्समधील ज्युरा भागातले ‘पिवळे मद्य’ सहा वर्षांहून अधिक काळ पिपात, यीस्टच्या सायीखाली मुरते. त्याच्या वासातही सोटोलॉनच असते. त्याच ज्युरातील आर्ब्वा गावी लहानाचा मोठा झालेल्या लुई पाश्चरने मद्य नासण्यामागचे सूक्ष्मजीव शोधले आणि ‘मद्याचा अभ्यास’ हा ग्रंथ १८६६ मध्ये प्रसिद्ध केला.

इथे अष्टागरातील माडी आठवते. पहाटे उतरवलेली माडी गोड, दुपारी चढणारी आणि दुसऱ्या दिवशी आंबट. तिच्यात मद्यार्क कमी आणि साखर व सूक्ष्मजीव विपुल. ती ताजीच प्यायची. द्राक्षाच्या मद्यात मद्यार्क त्याहून बराच जास्त, आम्ल अधिक, वर राळ. म्हणूनच नाईल नदी, मग वाळवंटातील उंटाची वाट आणि जुलैत लाल समुद्रातून निघून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर समुद्र, इतका प्रवास ते सोसू शके. सोसताना बदलतही असे. तापमान दहा अंशांनी वाढले की अनेक रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे इटलीत तळघरात जे अनेक वर्षांत झाले असते, त्यातले पुष्कळसे तापलेल्या जहाजात काही महिन्यांतच घडत असावे. बंदरात फोडलेल्या त्या रांजणाला राळेचा वास येत असेलच. थोडा मेथीचाही येत असेल, असा आमचा तर्क आहे. खापरातून तो सिद्ध होणार नाही, कारण सोटोलॉन उडून जाणारे द्रव्य आहे.