पायांना सुट्टी नाही

चाकाचा शोध लागून पाच हजार वर्षे उलटून गेली, असे इतिहासाची पुस्तके सांगतात. पण पाय स्वस्थ ठेवावेत आणि चाकाने आपल्याला फुकट पुढे न्यावे, ही सोय सायकलवाल्याच्या नशिबी यायला एकोणिसावे शतक पार संपत यावे लागले. त्या सोयीचे नाव फ्रीव्हील. मागच्या चाकाच्या मधोमध बसणारी मुठीएवढी दातेरी वस्तू. पायडल मारले की ती चाकाला धरते, पाय थांबवले की सोडून देते आणि 'टर्रर्र' करीत राहते. कात्रजचा घाट सायकलने चढलेल्या माझ्या पिढीतल्या कोणालाही विचारा. चढताना जे काही खर्ची पडायचे, ते उतरताना त्या टर्ररमध्ये व्याजासकट वसूल व्हायचे. पाय स्थिर, शर्टात वारा आणि चेहऱ्यावर संस्थानिकाचे भाव! यंत्रयुगाने मध्यमवर्गाला काय दिले, असे कोणी विचारले तर मी रेडिओ आणि टेलिफोन यांच्या आधी फ्रीव्हीलचे नाव घेईन. काम थांबवल्यावरही आपण पुढे सरकत राहायचे. पेन्शन तरी दुसरे काय असते?

तर एवढ्या सायासाने मिळालेली ही सोय जगातल्या भल्याभल्या शहरांतली धडधाकट मुले पदरचे पैसे मोडून काढून टाकतात. त्या सायकलला फिक्स्ड गिअर म्हणतात. लाडाचे नाव फिक्सी. मागचे दातेरी चक्र चाकाला पक्के आवळलेले. चाक फिरले की पायडल फिरणारच. उतार असो, वारा पाठीशी असो, पायांना सुट्टी नाही. त्यातले कडवे लोक तर ब्रेकही काढतात. माझा एक भाचा ब्रुकलिनला राहतो, तो या पंथातला. तो फोनवरून या सायकलचे गुण गाऊ लागला तेव्हा मी विचारले, "मग तुझ्या आईनं तिसऱ्या वाढदिवसाला घेतलेली तीनचाकी काय वाईट होती?" तो हसला, पण मी विनोद करीत नव्हतो. पोरांच्या तीनचाकीचे पायडल थेट पुढच्या चाकाला असते. चाक फिरतेय आणि पाय थांबलेत, असे तिच्यात होतच नाही. सर्कशीतल्या विदूषकाची एकचाकीही तशीच. म्हणजे या पंथाचे सभासद आपण सगळेच होतो, फक्त दूध पीत होतो तोवर.

खरे म्हणजे सायकलची जातच जन्मतः फिक्स्ड. १८६० च्या दशकात पॅरिसच्या मिशो नावाच्या कारखानदाराकडे पुढच्या चाकाला पायडल लावलेल्या गाड्या तयार होऊ लागल्या. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, असा रोखीचा व्यवहार. वेग हवा तर चाक मोठे करा! म्हणून पुढचे चाक वाढत वाढत पुरुषभर उंचीच्या आसपास गेले आणि मागचे बापडे बशीएवढे राहिले. जुन्या चित्रांतला तो उंच सायकलवरचा मिशीवाला साहेब आठवा. उतार लागला की त्याच्या पायडलांना असे काही वारे भरायचे की तो पाय सरळ हँडलवरून पुढे टाकून बसायचा. पायडलांना म्हणायचे, तुम्ही घाला पिंगा, मी बघतो. वाटेत दगड लागला तर मात्र बघायला तो जागेवर नसायचा.

पुढे १८८५ मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीने 'रोव्हर' काढली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, साखळी मागच्या चाकाला. आजच्या सायकलची थेट आजी. पण तीही फिक्स्डच. फ्रीव्हील बाजारात आले ते १८९० च्या दशकाच्या अखेरीस. आल्या आल्या त्याचे पेढे वाटून स्वागत झाले असेल असे आपल्याला वाटते. पण पाय रोखून सायकल आवरायची सवय झालेल्यांना ते भलतेच धोक्याचे वाटले. त्यांचेही बरोबर होते. पाय सुटे केले की आवरायला दुसरे काहीतरी पाहिजे. फ्रीव्हीलबरोबर चांगला ब्रेक आलाच पाहिजे, हा हिशोब तेव्हाच्या लोकांना नीट कळला होता. तो आताच्या काही मंडळींना उलट्या दिशेने का कळत नाही, ते पुढे सांगतो.

या सुधारणेवर खरा राग धरला तो फ्रेंच गृहस्थ आंरी देग्रांज यांनी. तासाभरात ३५ किलोमीटरहून थोडे अधिक अंतर तोडण्याचा विक्रम त्यांनी १८९३ साली केला होता आणि १९०३ मध्ये टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू केली. माणूस आमच्या जुन्या तालीममास्तरांसारखा. गिअर बदलायची सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांनी वापरावी, जवानाने यंत्राच्या नव्हे तर स्नायूंच्या जोरावर जिंकावे, फिक्स्ड गिअरच बरा, असे त्यांनी १९०२ मध्ये लिहून ठेवले. आणि नुसते लिहून थांबले नाहीत. ते सूत्रधार होते तोवर त्यांच्या शर्यतीत साखळी या दात्यावरून त्या दात्यावर टाकणाऱ्या यंत्राला बड्या खेळाडूंसाठी बंदीच होती. १९३६ मध्ये ते बाजूला झाले आणि १९३७ मध्ये यंत्र आत आले. घरातले आजोबा गावाला गेले की पोरे पत्ते काढतात, तसे.

रस्त्यावरून हद्दपार झालेली ही सायकल गोल बंदिस्त मैदानांवर, म्हणजे व्हेलोड्रोमवर, तग धरून राहिली. तिथे ब्रेक नसणे हेच सुरक्षित. सगळे एकाच दिशेने, एकमेकांच्या चाकाला चाक लावून पळतात. एकाने मध्येच ब्रेक दाबला तर मागचे दहाजण त्याच्या अंगावर. जपानमध्ये १९४८ पासून या सायकलींवर रीतसर पैसे लावून 'केइरिन' शर्यती चालतात. युद्धात मोडलेल्या गावांना पैसा हवा होता म्हणून ती सुरू झाली. जुगारातून सार्वजनिक कार्य ही कल्पना आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

मग ही मैदानातली सायकल शहराच्या गर्दीत आलीच कशी? हा या इतिहासाचा सगळ्यात रसाळ भाग, आणि तो घडला न्यूयॉर्कमध्ये. १९७० आणि ८० च्या दशकांत मॅनहॅटनमधल्या कचेऱ्यांना कागद या इमारतीतून त्या इमारतीत तासाभरात पोचवावे लागत. वकिलांचे दस्तऐवज, जाहिरातींची चित्रे, बँकांचे करारनामे. फॅक्स सगळीकडे झाले नव्हते, ईमेलचे नाव नव्हते. हे लखोटे पाठीवरच्या झोळीत घालून पळवायचे काम सायकलवरचे निरोप्ये करीत. पगार बहुधा लखोट्यामागे. पाऊस पडला, आजारी पडलात, गाडीखाली आलात, तर त्या दिवसाचे उत्पन्न शून्य. त्यांच्यात वेस्ट इंडीजमधून आलेले पुष्कळ होते आणि मैदानी सायकल रस्त्यावर आणण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते.

त्यांनी ती निवडली ती तत्त्वज्ञान म्हणून नव्हे. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे रस्ते बर्फाने भरतात आणि बर्फ वितळावा म्हणून त्यावर मीठ टाकतात. त्या खारट चिखलात गिअरची नाजूक यंत्रे आणि ब्रेकच्या तारा गंजून जातात. ज्या सायकलला गिअर नाही, तारा नाहीत, तिचे गंजणार काय? शिवाय चोराने उचललीच, तर पहिल्या वळणावर सवयीने पाय थांबवणार आणि सायकल त्याला तिथेच उतरवणार. आमच्याकडे पूर्वी चोरांच्या भीतीने घंटी काढून खिशात घालून नेणारे लोक होते. हे त्यांचे पुढारलेले भाऊबंद.

या निरोप्यांतला एक, हार्लेममध्ये दहा भावंडांत शेंडेफळ म्हणून जन्मलेला नेल्सन व्हेल्स, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्प्रिंट शर्यतीचे रौप्यपदक घेऊन गेला. लखोटे पोचवता पोचवता माणूस ऑलिंपिकला पोचला! शहराने या जमातीची पाठ थोपटली असे मात्र नाही. पादचारी वैतागले होते आणि त्यांच्या वैतागाला कारणही होते. १९८७ मध्ये महापौर एड कॉच यांनी फिफ्थ, पार्क आणि मॅडिसन या तीन हमरस्त्यांच्या मधल्या भागात, कामाच्या दिवशी सकाळी १० ते दुपारी ४, सायकलींना बंदी जाहीर केली. निरोप्यांनी मोर्चे काढले. सायकलींचा थवाच्या थवा हळूहळू चालवीत, कायदा पाळून, वाहतूक तुंबवून. शेवटी न्यायालयाने बंदी रद्द केली. कारण काय, तर सूचना नियमाप्रमाणे प्रसिद्ध झाली नव्हती. म्हणजे कागद वेळेवर न पोचवल्याने महापौर हरले आणि कागद पोचवणारे जिंकले.

पुढे फॅक्सने आणि मग संगणकाने लखोटे खाल्ले. निरोप्ये कमी झाले. त्यांची सायकल मात्र या शतकाच्या सुरुवातीला कॉलेजातल्या आणि कचेऱ्यांतल्या पोरांनी उचलली. गरिबाच्या गरजेची श्रीमंताची आवड झाली की तिला रंग चढतात. पिवळी चाके, गुलाबी साखळ्या! आमच्या ज्वारीच्या भाकरीचे हॉटेलात झाले, तेच.

एवढे टाकून बोलल्यावर माणसाने निदान एकदा बसून पाहावे. ब्रुकलिनला गेलो तेव्हा मी बासष्ट वर्षांचा होतो. रविवारी सकाळी भाच्याने एका रिकाम्या पार्किंगच्या मैदानात मला सायकलवर चढवले. "मामा, एकच सांगतो. पाय थांबवायचे नाहीत." मी तीन फेऱ्या हौसेने मारल्या आणि चौथी, पाचवी, सहावी, वेग आपणहून कमी होईपर्यंत. पण त्या फेऱ्यांत काहीतरी कळले. आईचे पायमशीन मी लहानपणी चालवून पाहिले होते. एकदा लय लागली की खालची पट्टी आपला पाय स्वतःच उचलून देते. आपण मशीन चालवतोय की मशीन आपल्याला, हे कळेनासे होते. इथे तेच. वरच्या टोकाशी पायडल पायाला अलगद पलीकडे सोडते. खालचा रस्ता ओला आहे, कोरडा आहे, वाळू आहे, हे चाक तळपायाला सांगते. साध्या सायकलवर आपण चाकाला हुकूम देतो. इथे चाक उलट उत्तर देते, आणि ते ऐकायला गोड वाटते, हे कबूल केले पाहिजे. भाचा म्हणतो, गर्दीत ही सायकल माणसाला लांबचे बघायला लावते. एकदम थांबता येत नाही म्हणून चार गाड्यांपुढचा ड्रायव्हर काय करणार, ते आधीच ओळखायचे. सिग्नलला ती पाय न टेकता मागेपुढे झुलवत जागच्या जागी उभी करता येते, कारण ती उलटीही चालते. ते दृश्य मोठे देखणे.

थांबण्याची युक्ती अशी, की अंग पुढे झोकून पाय घट्ट रोखायचे. मागचे चाक अडते आणि फरफटत जाते. यात टायर घासतो, आणि घासतो कुठे याचे चक्क गणित आहे. पुढच्या चक्राला ४८ दाते आणि मागच्याला १६ असतील, तर अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्या: ३ छेद १. छेद १, म्हणून एकच पाय पुढे ठेवून रोखणाऱ्याचा टायर दर वेळी एकाच जागी घासणार आणि लवकरच तिथे भोक पडणार. मागे एक दाता वाढवून १७ करा; ४८ आणि १७ ना सामाईक अवयव नाही, म्हणून घासायला १७ जागा. पाचवीतल्या गुरुजींनी हे सांगितले असते, तर वर्गातली अर्धी मुले अपूर्णांकात नापास झाली नसती.

पण फरफटत थांबणे म्हणजे थांबणे नव्हे. वेग आवरताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो. खरा ब्रेक तिथलाच. मागचे चाक कितीही रोखा, जास्तीचे अंतर लागतेच, आणि त्या अंतरात कोण उभे आहे, हा प्रश्न. फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनच्या भर वस्तीत एक ४४ वर्षांची बाई रस्ता ओलांडत होती. पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्सीवरून १८ वर्षांचा मुलगा आला, धडक झाली, बाई गेली. दोन मुलांची आई. इंग्लंडच्या नियमात पक्के चाक हा एक ब्रेक धरतात, पण दुसरा, पुढचा, लागतोच. त्या सायकलला तो नव्हता. २०१७ मध्ये मुलाला अठरा महिन्यांची शिक्षा झाली ती १८६१ च्या, घोडागाड्यांच्या काळातल्या कायद्याखाली, कारण नेमका लागू पडेल असा नवा कायदाच नव्हता. व्हेलोड्रोमवर कोणी रस्ता ओलांडत नाही. शहर म्हणजे मुळी रस्ता ओलांडणारी माणसे.

हे मी भाच्याला एकदा सविस्तर ऐकवले. तेव्हा तो फक्त "हं" म्हणाला. पुढे त्याच्या घरी मुलगी झाली, आणि नंतर पाठवलेल्या फोटोत सायकलच्या पुढच्या चाकाला एक छोटासा काळा ब्रेक दिसला. मित्रांच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याची तार हँडलच्या काळ्या पट्टीत गुंडाळली आहे. तो म्हणतो, शोभेपुरता आहे, मी वापरत नाही. गेल्या खेपेला मी वाकून पाहिले. रबर निम्म्याच्या वर झिजले होते.