युद्धकाळात माणसं कशी वागतात? तारापूरच्या मॉक ड्रिलपासून व्हॉट्सॲप फॉरवर्डपर्यंत

मे २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत मॉक ड्रिल घेण्याचा आदेश दिला. तारीख होती ७ मे. यादीत महाराष्ट्रातली १६ ठिकाणं होती. त्यांपैकी सर्वांत संवेदनशील, म्हणजे पहिल्या श्रेणीत तीन होती: मुंबई, उरण आणि तारापूर.

तारापूर या श्रेणीत असण्याचं कारण सरळ आहे. इथे १९६९ पासून अणुऊर्जा केंद्र चालू आहे. शेजारी बोईसरला रासायनिक कारखान्यांची मोठी एमआयडीसी आहे आणि पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला जिल्ह्याचं मुख्यालय आहे.

मॉक ड्रिलमध्ये भोंगे, ब्लॅकआउट, लोकांना सुरक्षित जागी हलवणं असं सगळं तपासलं जातं. पण यंत्रणा चोख असली तरी एक प्रश्न उरतो: भोंगा वाजल्यावर लोक नक्की काय करतील? याचं उत्तर सामाजिक शास्त्रं शोधतात.

लष्कराला समाजशास्त्र कशाला हवं?

दुसऱ्या महायुद्धात या अभ्यासाने वेग घेतला. अमेरिकी लष्कराने पाच लाखांहून जास्त सैनिकांना प्रश्नावल्या दिल्या. समाजशास्त्रज्ञ सॅम्युअल स्टाउफर यांच्या पथकाने त्यावरचे निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. लढाईत सैनिकाला टिकवून धरण्यात मोठ्या घोषणांपेक्षा सोबतच्या साथीदारांचा वाटा जास्त असतो, असं त्यात दिसलं.

एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जॅनोविट्झ यांनी १९४८ मध्ये जर्मन सैन्याबद्दल असंच लिहिलं. तुकडीतली माणसं एकमेकांना धरून होती तोवर शत्रूच्या प्रचारपत्रकांचा त्यांच्यावर फारसा परिणाम झाला नाही. भारतातही १९४३ मध्ये अधिकारी निवडण्यासाठी मानसशास्त्रीय चाचण्या सुरू झाल्या. आजच्या एसएसबी मुलाखतीचं मूळ तिथे आहे.

हल्ला झाला की लोक सैरावैरा पळतात का?

सिनेमात तसं दिसतं. युद्धाआधी ब्रिटिश सरकारलाही तीच भीती होती, म्हणून मानसिक रुग्णांसाठी खाटा राखून ठेवल्या होत्या. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात लंडनवर बॉम्बवर्षाव झाला, पण अपेक्षित रुग्णांची लाट आलीच नाही. लोक घाबरले, तरी कामावर गेले आणि शेजाऱ्यांना ढिगाऱ्यातून बाहेर काढत राहिले.

पुढे आपत्तींचा अभ्यास करणाऱ्यांनाही हेच आढळलं. बेभान पळापळ क्वचित होते. जास्त वेळा उलटं घडतं: लोक लवकर हलतच नाहीत. भोंगा ऐकून आधी खिडकीतून डोकावतात, शेजाऱ्याला विचारतात, फोन उघडतात. ऐकलं ते खरं आहे का, याची खात्री करायची असते.

बोईसरसारख्या ठिकाणी ही खात्री करणं आणखी अवघड असतं. नुसत्या आवाजावरून हवाई हल्ल्याचा इशारा आहे की कारखान्यातल्या गळतीचा, हे कळेलच असं नाही. शिवाय इथे मराठी, वारली, हिंदी, गुजराती बोलणारे लोक एकत्र राहतात. म्हणून सूचना कोणत्या भाषेत आणि कोणाच्या तोंडून मिळते, यालाही महत्त्व येतं.

मग गडबड कुठे होते?

खात्रीची माहिती मिळाली नाही, की ती जागा अफवा भरून काढते. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये याचं साधं सूत्र मांडलं: विषय जितका महत्त्वाचा आणि माहिती जितकी धूसर, तितकी अफवा जोरात.

याआधीचा एक महत्त्वाचा अभ्यास भारतातला आहे. जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. धक्का जाणवला पण फारशी पडझड झाली नाही, अशा भागांत ‘याहून मोठं संकट येतंय’ अशा अफवा पसरल्या होत्या. दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर केलेला अभ्यास १९५२ मध्ये आला. तिथे नुकसान लोकांच्या डोळ्यांसमोर होतं आणि अशा वाढीव अफवा दिसल्या नाहीत.

मनात भीती आहे, पण समोर कारण दिसत नाही, अशा वेळी माणूस कारण शोधतो. त्यामुळे प्रत्यक्ष धोक्यापासून लांब, घरात सुरक्षित बसलेली माणसंही अफवा पुढे नेतात.

अफवेची किंमत

पालघर जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन असताना चोर फिरत असल्याच्या अफवा पसरल्या होत्या. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा जीव घेतला. त्याआधी जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठार मारलं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात मेसेज एका वेळी पाच चॅटपर्यंतच फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

मे २०२५ च्या संघर्षातही हेच दिसलं. गुजरातच्या हजिरा बंदरावर हल्ला झाल्याचा म्हणून फिरलेला व्हिडिओ २०२१ मधल्या तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा होता. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, हा मेसेजही खोटा निघाला. व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरली.

खरी माहितीही घातक ठरू शकते. २६/११ च्या वेळी दहशतवाद्यांचे सूत्रधार टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण बघून त्यांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांना त्यावरून सुनावलं. म्हणूनच २६ एप्रिल २०२५ च्या सूचनेत केंद्राने माध्यमांसोबत सोशल मीडिया वापरणाऱ्यांनाही लष्करी हालचालींचं थेट चित्रण टाळायला सांगितलं.

या अभ्यासावर आक्षेप काय?

अमेरिकेने २००७ मध्ये इराक आणि अफगाणिस्तानात लष्करासोबत समाजशास्त्रज्ञ पाठवायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनेच याला विरोध केला. ज्या लोकांनी विश्वासाने माहिती दिली, तीच माहिती त्यांच्याविरुद्ध वापरली गेली तर? ही योजना २०१४ मध्ये बंद झाली, पण प्रश्न अजून कायम आहे. लोकांना समजून घेणं हे त्यांचा जीव वाचवण्यासाठी आहे की त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी, हे विचारायलाच हवं.

भोंगा वाजला तर काय कराल?

- चढ-उताराचा आवाज म्हणजे धोका. सलग एकसुरी आवाज म्हणजे धोका टळला.
- आधी आडोशाला जा, मग फोन बघा.
- खात्री करायची तर जिल्हा प्रशासन किंवा पोलिसांच्या अधिकृत खात्यावर करा. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक आहेत.
- जवानांची, वाहनांची, जहाजांची हालचाल चित्रित करून टाकू नका.
- मेसेज वाचून घाबरायला झालं आणि लगेच पुढे पाठवावासा वाटला, तर थांबा. अफवा नेमकी याच क्षणी पसरते.