मूल्यनिर्धारण, पुरवठादार व निर्माता यांच्या बलाबलानुसार (पुणे परिसर)

सुटे भाग घडविणारा कारखानदार आणि त्यांची जुळणी करून वाहन बाजारात आणणारा निर्माता यांच्यात ठरणारा दर उत्पादनखर्चाइतकाच उभयपक्षांच्या सापेक्ष सामर्थ्यावर अवलंबून असतो. ज्याचे दुसऱ्यावाचून अडत नाही, त्याच्या अटी करारात टिकतात.

पूर्वपीठिका : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 मध्ये झाली. पिंपरी-चिंचवड भागात टेल्को व बजाज ऑटो या वाहननिर्मात्यांचे कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या आश्रयाने भोसरी, चिखली, तळवडे येथे लहान वर्कशॉप वाढले, पुढे चाकण.

दराची रीत : पोलाद कोठून घ्यावे हे बहुधा निर्माताच ठरवितो, यंत्रतास, मजुरी, रिजेक्शन व नफा यांचा तपशील पुरवठादाराने त्याच्यापुढे उघड करावयाचा असतो, आणि साचे अनेकदा निर्मात्याच्या मालकीचे असल्यामुळे ते उचलून शेजारच्या वर्कशॉपमध्ये नेणे त्याला शक्य असते. प्रतिवर्षी दरकपातीची मागणी होते. पोलाद महागल्यास वाढीव दर मान्य होतो, परंतु तो मान्य होईपर्यंतचा भार पुरवठादाराच्या खेळत्या भांडवलावर पडतो.

विपरीत स्थिती : भाग दुर्मिळ वा तंत्र अवघड असल्यास पारडे फिरते. मुंढव्याच्या भारत फोर्जने क्रँकशाफ्ट व पुढील आसांच्या घडाईत प्रावीण्य मिळवून परदेशी ग्राहक जोडले, त्यामुळे कोणा एका निर्मात्यावर विसंबणे तिला भाग पडले नाही. 125 सीसीवरील दुचाकींना एबीएस 2019 पासून सक्तीचे झाले, तेव्हा ते पुरविणाऱ्या कंपन्या मोजक्याच होत्या. 2021 मधील सेमीकंडक्टरच्या टंचाईत तर बलाढ्य निर्मात्यांनाही उत्पादन आवरते घ्यावे लागले.

देयकाची मुदत : मुदत हा दराचाच अंश होय, चार महिन्यांनी हाती येणारा रुपया बँकेचे व्याज वजा जाता पूर्ण रुपया राहत नाही, आणि तरीही दराच्या चर्चेत या बाबीची उपेक्षा होते. विलंबित देयकांवरील व्याजाचा पहिला केंद्रीय कायदा 1993 चा. त्याची जागा घेणाऱ्या 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या कलम 15 नुसार लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. कलम 16 अन्वये थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. आणि या कायद्याखालील वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराला कलम 19 प्रमाणे रकमेच्या 75 टक्के आधी भरावे लागतात. तरतुदी कडक आहेत. मात्र ज्याच्याकडून उद्याचे शेड्यूल यावयाचे त्याच्याविरुद्ध दाद मागण्यास लघुउद्योजक सहसा धजत नाही, हे या कायद्याचे खरे वैगुण्य होय.

कामगार : दरकपातीचा ताण अंशतः कंत्राटी कामगारांच्या वेतनावर येतो.

अलीकडील बदल : 2023 च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात 43ब(ह) हे उपकलम घातले. ते 1 एप्रिल 2024 पासून अंमलात आले. उपकलमान्वये सूक्ष्म व लघु उद्योगांचे देयक मुदतीत चुकते न केल्यास त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष रक्कम अदा केल्याच्या वर्षीच मिळते. यामुळे मागण्या मध्यम उद्योगांकडे वळतील, अशी भीती काही लघुउद्योजकांनी व्यक्त केली; याबाबत मतभेद आहेत.