मूत्रपिंडाचा शत्रू कोण?

स्कार्लेट ज्वर उतरतो, घरची माणसे निर्धास्त होतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी मुलाचा चेहरा सुजतो, लघवी लालसर होते. मूत्रपिंडात पाहावे, तर रोगजंतू नाहीत. मग इजा केली कोणी? शरीराची संरक्षक शक्तीच शरीरावर उलटत असेल, ही शंका विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिकसारख्या थोर शास्त्रज्ञालाही ग्राह्य वाटत नव्हती.

या शंकेला प्रयोगाचा भक्कम आधार जपानमधील चिबा येथील विकृतिशास्त्रज्ञ माताझो मासुगी यांनी १९३३ च्या सुमारास दिला. उंदरांची मूत्रपिंडे वाटून त्यांनी ती सशांना टोचली. सशांच्या रक्तात त्यांविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण झाली. तो रक्तरस उंदरांना देताच त्यांना मूत्रपिंडदाह जडला. जंतूवाचून रोग घडला. परंतु येथे शस्त्र परक्याचे, सशाचे होते.

१९५९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे बालरोगतज्ज्ञ वॉल्टर हायमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही उणीव दूर केली. त्यांनी उंदरांना उंदरांच्याच मूत्रपिंडाचा अंश, प्रतिकारशक्ती चेतविणाऱ्या द्रव्यात मिसळून, टोचला. काही आठवड्यांत त्यांच्या लघवीतून प्रथिने वाहू लागली. माणसाच्या एका हट्टी मूत्रपिंडविकाराशी, मेम्ब्रेनस नेफ्रोपथीशी, या रोगाचे विलक्षण साम्य होते.

उंदराच्या पेशीवरील कोणत्या प्रथिनावर हा हल्ला होतो, त्याचा शोध १९८२ मध्ये लागला. त्या प्रथिनाला पुढे मेगालिन हे नाव मिळाले. आता माणसाच्या रोगाचे कोडे सुटलेच, असे वाटावे, तोच निराशा पदरी आली. मानवी मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या पेशींवर मेगालिन आढळेना!

तरीही उंदराची साक्ष व्यर्थ गेली नाही. प्रतिद्रव्ये गाळणीच्या पेशींवरच जागच्या जागी चिकटतात, हे त्यानेच शिकविले होते. तोच धागा धरून २००९ मध्ये बॉस्टनच्या लॉरेन्स बेक व डेव्हिड सॅलंट यांच्या गटाने माणसातील लक्ष्य शोधले. ते प्रथिन वेगळे होते. ३७ पैकी २६ रुग्णांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये सापडली. आज ही प्रतिद्रव्ये रक्ततपासणीत आढळली, तर अनेक रुग्णांच्या मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याचीही गरज उरत नाही.

हायमन यांच्या प्रयोगापासून या शोधापर्यंत पन्नास वर्षे लोटली. प्राण्याने रोगाची रीत दाखविली. माणसाचा शत्रू मात्र माणसाच्याच रक्तात शोधावा लागला.