युद्धाचे मूळ आणि शांतीची वाट : गाब्रिएल मार्सेल यांचे तत्त्वचिंतन

फ्रेंच तत्त्वचिंतक, नाटककार आणि संगीतप्रेमी गाब्रिएल मार्सेल (१८८९-१९७३) यांची ओळख सामान्यतः 'ख्रिस्ती अस्तित्ववादी' अशी करून दिली जाते. स्वतः मार्सेल यांना हे बिरुद पुढे नकोसे झाले. सार्त्र यांच्या विचारसरणीशी आपली गल्लत होऊ नये म्हणून त्यांनी 'नव-सॉक्रेटिसवादी' हे नाव अधिक पसंत केले. नावाचा हा वाद बाजूला ठेवला तरी त्यांच्या लेखनातील एक सूत्र आजच्या वाचकाने अवश्य समजून घ्यावे असे आहे. समोरच्या माणसाकडे व्यक्ती म्हणून न पाहता केवळ एका शिक्क्याखाली पाहण्याची सवय समाजाला लागली, की युद्धाची भूमी तयार होते, हे ते सूत्र.

जीवनपट

मार्सेल यांचा जन्म ७ डिसेंबर १८८९ रोजी पॅरिस येथे झाला. चार वर्षांचे होण्याआधीच त्यांचे मातृछत्र हरपले आणि मावशीने त्यांचा सांभाळ केला. वडील उच्चपदस्थ शासकीय अधिकारी होते. घरात धर्मश्रद्धेचे वातावरण नव्हते. तत्त्वज्ञानाच्या अध्यापनासाठी असलेली फ्रान्समधील अवघड स्पर्धापरीक्षा मार्सेल १९१० साली उत्तीर्ण झाले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. प्रकृती नाजूक असल्यामुळे त्यांना सैन्यात घेतले गेले नाही. त्यांनी रेड क्रॉसमध्ये बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम स्वीकारले. प्रत्येक सैनिकाच्या नावाचे एक कार्ड असे. कामकाजाच्या दृष्टीने ते कार्ड म्हणजे एक नोंद. परंतु त्या नोंदीमागोमाग कोणाची आई, कोणाची पत्नी चौकशीसाठी येत असे. अनेकदा त्यांना सांगण्याजोगी आशेची बातमी नसे. कार्डावरील माहिती म्हणजे माणूस नव्हे, ही जाणीव मार्सेल यांना येथे झाली आणि अमूर्त सिद्धान्तांच्या तत्त्वज्ञानापासून ते दूर होत गेले.

पुढे सुप्रसिद्ध कॅथलिक कादंबरीकार फ्रान्स्वा मोरियाक यांच्या एका पुस्तकाचे त्यांनी परीक्षण लिहिले. ते वाचून मोरियाक यांनी पत्राने विचारले, की आपणही आमच्यापैकीच का होत नाही? २३ मार्च १९२९ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मार्सेल यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत स्नानसंस्कार स्वीकारला.

'असणे' आणि 'जवळ असणे'

१९३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा विषय 'असणे' आणि 'बाळगणे' यांतील भेद हा आहे. मराठी वाचकाला हा भेद समजणे सोपे जावे. 'मी आहे' आणि 'माझ्याजवळ आहे' या दोन्ही वाक्यांत आपण एकच क्रियापद वापरतो; मात्र पहिल्यात माणूस बोलतो, दुसऱ्यात त्याची मालमत्ता. मालमत्ता मोजता येते, गमावता येते, म्हणून तिच्यासोबत भयही येते. जो स्वतःचे जीवन, देह, मते, अगदी धर्मसुद्धा केवळ मालमत्तेसारखा बाळगतो, तो सदैव धास्तावलेला राहतो, आणि धास्तावलेल्या माणसाला शेजारी हा चोर वाटू लागतो.

याला जोडूनच 'समस्या' आणि 'रहस्य' हा त्यांचा दुसरा भेद येतो. समस्या आपल्यासमोर असते; तिचे उत्तर सापडले की ती संपते. रहस्यात आपण स्वतःच गुंतलेले असतो. प्रेम, मृत्यू, निष्ठा यांच्याकडे तटस्थपणे बाहेरून पाहता येत नाही.

युद्ध आणि अमूर्तीकरण

१९५१ साली प्रकाशित झालेल्या 'मानव्याविरुद्ध मानव' या आशयाच्या शीर्षकाच्या ग्रंथात त्यांनी युद्धाच्या कारणांचा थेट वेध घेतला. विचार करण्यासाठी अमूर्त कल्पना लागतातच, हे त्यांना मान्य होते. त्यांचा आक्षेप होता तो अमूर्तीकरणाच्या वृत्तीवर. राज्य, पक्ष किंवा धार्मिक पंथ यांपैकी कोणीही मला दुसऱ्याचा जीव घेण्यास सिद्ध करू पाहते, तेव्हा तो दुसरा कोण आहे याचे भान प्रथम पुसावे लागते. मग तो कोणाचा तरी पिता राहत नाही. केवळ 'फॅसिस्ट' किंवा 'कम्युनिस्ट' उरतो. ही वृत्ती बुद्धीतून नव्हे तर विकारातून जन्मते, असे त्यांचे निदान होते.

त्याच ग्रंथात त्यांनी नाझी छळछावण्यांतील मानखंडनेच्या तंत्राचे विश्लेषण केले आहे. कैद्याला अशा अवस्थेत ठेवायचे की त्याला स्वतःचीच घृणा वाटावी. मग पहारेकऱ्याला त्याची घृणा करणे सोपे जाते.

संस्कृतीचा प्रश्न

ही वृत्ती केवळ रणभूमीवर वाढत नाही. १९३३ सालच्या 'भंगलेले जग' या नाटकासोबत प्रकाशित झालेल्या निबंधात ते पॅरिसच्या भुयारी रेल्वेत तिकिटे तपासणाऱ्या कर्मचाऱ्याचे उदाहरण देतात. समाज त्याला एक कार्य म्हणूनच ओळखतो, आणि हळूहळू तोही स्वतःला तसेच ओळखू लागतो. १९५४ साली, शहाणपणाच्या ऱ्हासाविषयीच्या ग्रंथात, त्यांनी तंत्रविद्या आणि वारसा यांच्या संबंधांचा विचार केला. तंत्रविद्या त्यांना त्याज्य वाटत नव्हती. तिच्या वाढीबरोबर माणसाचे आत्मभान वाढले नाही, तर ती त्याच्यावरच स्वार होते, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आशा

फ्रान्स जर्मन अंमलाखाली असताना, १९४२ साली, त्यांनी आशेविषयी व्याख्यान दिले. ते पुढे 'होमो व्हियातोर' म्हणजे 'वाटसरू मानव' (१९४५) या संग्रहात समाविष्ट झाले. सर्व काही ठीक होईल असे दुरून म्हणणारा आशावाद वेगळा आणि संकटात सापडलेल्याची आशा वेगळी, असे ते सांगतात. खरी आशा 'माझ्यासाठी' नसते. ती 'आपल्यासाठी' असते आणि ती कोणावर तरी विसंबून असते.

मूल्यमापन

मार्सेल यांनी व्यवस्थाबद्ध दर्शन रचले नाही. त्यांचे बरेचसे चिंतन रोजनिशीच्या स्वरूपात आहे. तह कसे करावेत, शस्त्रकपात कशी साधावी, याची उत्तरे त्यांच्या ग्रंथांत शोधणाऱ्याची निराशा होईल. त्यांचा प्रश्न तहाच्या आधीचा आहे. माणसाचे मोल त्याच्याजवळ काय आहे यापेक्षा तो काय आहे यावरून ठरते, हा विचार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात मांडला.

१९६४ साली जर्मन ग्रंथव्यावसायिकांचा शांतता पुरस्कार मार्सेल यांना देण्यात आला. जर्मनीशी चाललेल्या युद्धात हरवलेले फ्रेंच सैनिक ज्यांनी शोधले, त्यांचा जर्मन भूमीवर असा गौरव झाला. ८ ऑक्टोबर १९७३ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. युद्धाच्या बातम्यांत आजही मृतांचे आकडे आपण वाचतो. त्या प्रत्येक आकड्यामागे एक नाव आहे आणि त्या नावाची चौकशी करणारे कोणीतरी दाराशी उभे आहे, याचे भान ठेवणे हीच मार्सेल यांच्या दृष्टीने शांतीची पहिली पायरी होय.